सुमित्रावहिनीचा करंट

वहिनींना करंट लावू द्यायचा नाही, असं नागपूरच्या दवाखान्यात उभं राहून मी सांगितलं होतं. दादाने नाही, वहिनींच्या माहेरच्यांनी नाही; मी. सुमित्रावहिनींबद्दल लिहायला बसलो आणि हे आधी लिहिलं नाही, तर पुढचं सगळं कौतुक मलाच खोटं वाटेल. म्हणून हे पहिल्यांदा.

मी विजेच्या खात्यात लाईनमन आहे. वहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. आंधळगावात आमचं घर विणकरांचं. दादा अजूनही हातमागावर कोशाचं रेशमी कापड विणतो. मला मागाच्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर बसणं जमलं नाही, म्हणून मी खांबावर चढलो. त्यावर वहिनींचं ठरलेलं बोलणं होतं. घरी कोणी पाहुणा आला की त्या ओळख करून द्यायच्या, "एक भाऊ खड्ड्यात, एक भाऊ खांबावर. जमिनीवर मी एकटीच हावो."

वहिनी ठेंगण्या, सावळ्या, चालताना किंचित पुढे झुकलेल्या. आवाज मात्र बाईच्या मापाच्या बाहेरचा. त्यांच्या पोटात गोष्ट राहत नसे, आणि दुसऱ्याची चुगली करण्यापेक्षा स्वतःची चूक सांगण्यात त्यांना जास्त घाई असे. लग्न होऊन आठवडा झाला नसेल, तेव्हा घर झाडताना त्यांचा पाय अडकून मागावरच्या ताण्याचे बरेचसे धागे तुटले. बाबा बाजारातून परत येत होते. आई म्हणाली, आता काही बोलू नको, जेवण झाल्यावर सांगू. पण वहिनी थेट दारात जाऊन उभ्या राहिल्या. बाबांच्या पायातल्या चपलाही निघाल्या नव्हत्या.

"मामाजी, माह्या पायानं ताना तुटला. झालं, सांगून मोकळी झाली. आता तुमी रागवा."

बाबांना रागवायचं कसं तेच सुचेना. ते म्हणाले, "आधी पानी तं दे पोरी."

"सांगून मोकळी झाली" हे त्यांचं पालुपद. भाजी खारट झाली, कोणाचा निरोप द्यायचा राहिला, शेजारणीच्या साडीला नाव ठेवलं. जे असेल ते त्या त्याच दिवशी सांगायच्या आणि मग रात्री शांत झोपायच्या. मी तसा नाही. माझ्या पोटात गोष्टी वर्षानुवर्षं राहतात.

अशी ही बाई एका हिवाळ्यात बोलेनाशी झाली. आधी बोलणं कमी झालं, मग हो-नाही पुरतं उरलं, मग तेही गेलं. पल्लवी, त्यांची मुलगी, तेव्हा शाळेत होती. ती शाळेतून आली की आईच्या समोर जाऊन उभी राहायची आणि वहिनी तिच्यातून आरपार बघायच्या. तोंडात दिलेला घास तसाच राहायचा. पाण्याचा पेला घ्यायला उचललेला हात हवेतच थांबायचा आणि तिथेच राहायचा. दादा तो हलकेच धरून खाली ठेवायचा. गावात कोणी म्हणालं बाहेरचं आहे, कोणी म्हणालं सोंग आहे. एकाने दंडाला दोरा बांधला. शेवटी आम्ही त्यांना नागपूरला नेलं.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "गोळ्या देऊ, पण त्यांना वेळ लागतो. यांनी खाणं सोडलं, आता पाणीही सुटत आलंय. अशा अवस्थेत विजेचा उपचार सगळ्यात लवकर लागू पडतो. भूल देऊन करतात. काही सेकंदांचं काम. दिवसाआड, काही आठवडे."

दादाने माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात त्याने घरातला बल्बसुद्धा मला विचारल्याशिवाय बदललेला नाही. आणि मी, माझ्या डाव्या तळहातावर भाजल्याचा जुना डाग आहे, तो त्या डॉक्टरसमोर उघडा धरला. वर्षभरापूर्वीच धानाच्या बांधीतल्या एका खांबावरून माझ्या कामावरच्या जोडीदाराला मी दोर बांधून खाली उतरवलं होतं. तो जिवंत नव्हता.

"मॅडम, करंट म्हणजे काय ते मला सांगू नका," मी म्हणालो.

तिने माझा तळवा पाहिला. चिडली नाही. "तुमच्या तारेतला करंट वेगळा आणि हा वेगळा. मोजून, अगदी थोडा असतो. पायाचा अंगठा हलतो, एवढंच बाहेरून दिसतं. तुम्ही विचार करा."

बाहेर येऊन मी दादाला म्हणालो, "डोकं हाय ते दादा, मोटार नोहे. मी हे होऊ देनार नाही." दादाने मान खाली घातली. आम्ही गोळ्यांची पिशवी घेऊन बसने परत आलो. त्या वेळी मला वाटलं, मी घरातल्या बाईला वाचवलं.

वहिनी गोळ्या गालात धरून ठेवायच्या आणि नंतर त्या पदरात सापडायच्या. महिना-सव्वा महिना तसाच गेला. त्या दिवसांत त्यांची माय करडीहून दोन-तीन दिवसाआड यायची. वाळलेली, काठीसारखी बाई. येताना बांधावरच्या पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा पदरात बांधून आणायची. लेकीच्या समोर बसून शेंगा सोलायची आणि घरचं सगळं सांगत राहायची. म्हैस कधी व्याली, धान किती झालं, कोणाची सून नांदायला आली. मधेच थांबायची. उत्तर आलं नाही की स्वतःच म्हणायची, "होय नं, मीबी तेच म्हनतो." आणि पुढे चालू.

ती शेवटची आली तेव्हा मी घरी होतो. तिने लेकीचे केस विंचरले, तेल लावलं, वेणी घातली. मग हनुवटी धरून म्हणाली, "सुमे, एक वेळा माय म्हन. मंग नोको बोलू." वहिनींचे डोळे भिंतीवर होते. बुढीने थोडा वेळ वाट पाहिली. नंतर लुगड्याला हात पुसून बसची वेळ झाली म्हणाली.

त्याच आठवड्यात ती करडीला झोपेत गेली. आम्ही वहिनींना नेलं. मायच्या तोंडात पाणी घालायला त्यांच्या हातात चमचा दिला. हात अर्ध्यावर गेला आणि तिथेच थांबला. सगळी बायका-माणसं बघत होती. दादा पुढे आला, तो हात धरून त्याने खाली नेला, पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी दादा वहिनींना घेऊन नागपूरला गेला. मला विचारलं नाही. मी ड्यूटीवरून घरी आलो तेव्हा माग बंद होता.

उपचार सुरू झाल्यावर आठवड्याभराने मी दवाखान्यात गेलो. वहिनी पलंगावर बसल्या होत्या, केस विस्कटलेले, चेहरा झोपेतून उठल्यासारखा. दादाने चहा दिला. एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, "साखर नाही काय याच्यात?" दादा कप घेऊन बाहेर गेला तो बराच वेळ आला नाही. मी खिडकीतून पाहिलं, तो चहाच्या टपरीशी पाठमोरा उभा होता आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसत होता.

आणखी दोन-तीन वेळा उपचार झाल्यावर त्या पूर्ण वाक्यं बोलायला लागल्या. मग एक दिवस विचारलं, "माय येऊन नाही राहिली काहून?"

दादाने सांगितलं. त्या खूप रडल्या. रडत होत्या हेसुद्धा आम्हाला तेव्हा बरं वाटलं, इतके दिवस त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. रडणं थांबल्यावर त्यांनी विचारलं, "मले काहीच आठवत नाही. मी मायशी बोलली होती का शेवटी?"

दादा काही बोलायच्या आत मी बोललो. "हो वहिनी, बोलल्या नं तुमी."

"काय बोलली?"

"तुमी म्हनल्या, माय, जेवून जा."

हे वाक्य कुठून आलं मला ठाऊक नाही. वहिनींच्या तोंडी शोभणारं होतं. दादाने माझ्याकडे एकदा पाहिलं. आजवर त्याने त्याबद्दल एक शब्द काढलेला नाही. मी स्वतःला सांगितलं, दुःखी बाईला एवढा आधार द्यायला हरकत नाही. पण त्या वाक्याखाली माझी चूकही झाकली जात होती, हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

बऱ्या होऊन घरी आल्यावर वहिनींनी एक नवीनच उद्योग सुरू केला. त्या हिवाळ्यातले कित्येक दिवस त्यांच्या आठवणीतून गेले होते, काही आजाराने, काही उपचाराने. ते गोळा करत त्या घरोघर फिरायच्या. विरजण मागायला जावं तसं शेजारच्यांच्या छपरीत, दारापुढच्या ओसरीत, जाऊन बसायच्या. "माह्यं त्या दिवसातलं काही हाय का तुमच्याकडं?" कोणी सांगे, तुमी आमच्या दारात दुपारभर उभ्या होत्या. कोणी सांगे, पल्लवीची शाळेतली बक्षिसाची वाटी तुमच्या हातात दिली तर तुमी ती पालथी घातली. त्या नीट ऐकून घ्यायच्या, मान हलवायच्या, दुसऱ्या घरी जायच्या.

समोरच्या गिरजाबाईंनी तर सांगितलं, "माही स्टीलची चाळणी नेली होती तुमी त्या दिवसात."

"बेहोश होती मी, चाळणी कायले नेईन?"

"मले काय मालूम. आठवण तं तुमची गेली, माही थोडीच गेली."

वहिनींनी हसत घरातली चाळणी नेऊन दिली. दोन दिवसांनी गिरजाबाईच ती परत घेऊन आल्या, म्हणाल्या मजाक केली होती. त्यावर वहिनींनी त्यांना एवढं सुनावलं की आम्हाला खात्री पटली, त्या पूर्ण बऱ्या झाल्या.

काही गोष्टी परत आल्याच नाहीत. मागच्या दिवाळीतली माहेरपणाची खेप, एका भाच्याचं बारसं. नवीन माणसांची नावं बराच काळ पक्की होत नसत. कोणी हळहळलं तर त्या म्हणायच्या, "एक बोट जागा पातळ झाली कापडात. फाटलं नाही नं." आणि गोळ्या मात्र न चुकता घ्यायच्या, गालात न धरता.

त्यांच्या मोकळ्या तोंडाचा त्रास घरच्यांना सगळ्यात जास्त झाला तो पल्लवीच्या लग्नाच्या वेळी. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. रात्री नाटक, दिवसा घरभर पाहुणे, आणि त्या गर्दीतच सोयरिकी जुळतात. मंडईच्या दिवशी मुलाकडचे आले. आम्ही सगळ्यांनी वहिनींना आदल्या दिवशी विनवलं होतं की आजाराचं काढू नका. त्यांनी होही म्हटलं. पोहे झाले, चहा आला, मुलाच्या आजीने सहज विचारलं, तब्येतपाणी कसं आहे?

"आता चांगली हाय," वहिनी म्हणाल्या. "मधी डोकं बिघडलं होतं. नागपूरले करंट लावला. तवापासून चांगली हाय. पोरीले काही नाही, पन उद्या तुमाले दुसऱ्याकडून समजन, त्यापेक्षा मीच सांगतो. झालं, सांगून मोकळी झाली."

मुलाकडच्यांनी कळवतो म्हणून सांगितलं आणि कळवलं नाही. दादा दोन दिवस बोलला नाही. वहिनी म्हणाल्या, "ऐकल्यावरबी पोहे संपवूनच गेले का नाही? मंग पोहे चांगले होते." पुढच्या मंडईला दुसरं स्थळ आलं, तेही सगळं ऐकूनच. तिथे पल्लवी सुखात आहे. ही त्यांच्या धाडसाची जीत म्हणून सांगत नाही. पहिलं स्थळ मोडलं त्याचं पोरीला वाईट वाटलं होतंच.

गावात किंवा आसपास कोणाच्या घरी असा आजार झाला की लोक वहिनींना बोलवायला लागले. कारध्याच्या एका घरी मी त्यांना मोटरसायकलवर घेऊन गेलो होतो. तिथला तरणा पोरगा महिन्याभरापासून खाटेवर पडून होता आणि डॉक्टरांनी हाच उपचार सांगितला होता. त्याची आई घाबरलेली.

"दुखते का वो बाई?" तिने विचारलं.

"सुई दुखते. मंग झोप. उठल्यावर डोकं जड. मी मेली का? पाहा माह्याकडं."

"आठवण जाते म्हनतात."

"थोडीशी जाते. खोटं नाही सांगत तुमाले. माह्यं तं मायसंगचं शेवटचं बोलणं गेलं त्याच्यात." मग माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "पन या भाऊजींनं ते जपून ठेवलं. माय, जेवून जा म्हनली मी. विजेनं नेलं, विजेच्या मानसानं वापस आनून देल्लं."

ती आई पोराकडे बघत राहिली. आईशी बोललेलंही पुसलं जातं, ही भीती तिच्या चेहऱ्यावर दिसत होती. तिने त्या दिवशी हो म्हटलं नाही. पुढे काही दिवसांनी म्हटलं, आणि पोरगा बरा झाला. पण ते मधले दिवस माझ्या खात्यावर होते. वहिनींचं बोलणं विजेने नेलं नव्हतं. ते झालंच नव्हतं. आणि ते होऊ न देणारा मोटरसायकलची किल्ली हातात घेऊन तिथेच उभा होता.

तरीही मी सांगितलं नाही. वर्षं गेली.

दोन वर्षांमागे, धान कापणीच्या सुमारास वहिनी एका सकाळी आमच्या घरी आल्या. चेहरा उतरलेला. म्हणाल्या, "भाऊजी, ते येऊन राहिलं वापस. अन्नाले चव नाही, रात्रभर डोये उघडे. माह्यं बोलणं बंद होण्याच्या आधी मले घेऊन चला. या वेळी तुमी चला. तुमाले करंटचं समजते."

हे त्या टोमणा म्हणून बोलल्या नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

उपचार पुन्हा ठरला. पहिल्या दिवशी सकाळी आम्ही दोघं दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. दादा औषधं आणायला गेला होता. वहिनी उपाशी होत्या, भूल द्यायची म्हणून पाणीसुद्धा नाही. त्या अंग चोरून बसलेल्या, बोलणं पुन्हा हो-नाहीवर आलेलं. आणि मी तेव्हा बोलायला लागलो. पहिल्या वेळी मीच आडवा आलो, माझ्यामुळे उशीर झाला, नाहीतर माय जिवंत असताना तुमचं तोंड उघडलं असतं, 'जेवून जा' हे मी बनवलेलं आहे, मला माफ करा. सगळं एका दमात. त्यांनी ऐकलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "बरं." मग विचारलं, "पानी नाही का पेता येत?" तेवढ्यात आतून नाव पुकारलं.

मला फार हलकं वाटलं. दुपारी मी पोटभर जेवलो. बसमध्ये झोप लागली. पण घरी आल्यावर हात धुताना समजलं की मी काय केलं. उपचाराच्या दिवशीचं सकाळचं बोलणं बहुतेक राहत नाही, हे डॉक्टरने सांगितलं होतं आणि वहिनींच्या घरोघरच्या फिरण्यामुळे गावातल्या कोणाहीपेक्षा मला जास्त ठाऊक होतं. पुसलं जाणार अशी जागा शोधून मी माफी मागितली होती.

पोपटाच्या शेंगा आल्या तोवर वहिनी चांगल्या झाल्या होत्या. एका संध्याकाळी मी गेलो तर त्या छपरीत सूप घेऊन शेंगा सोलत बसलेल्या. आत दादाचा माग चालू होता. मला बसायला सांगून त्यांनी मूठभर शेंगा माझ्यापुढे टाकल्या, आणि त्यांची नेहमीची वसुली सुरू झाली. दवाखान्यात जेवण कसं होतं, पल्लवी कधी येऊन गेली, शेजारच्या पलंगावर कोण होतं. मी सांगत गेलो.

"आन पहिल्या दिवशी? बाकावर आपन बसलो होतो. तुमी काही तरी बोलून राहिले होते. तुमचं तोंड हलतं ते दिसते मले. बोलणं नाही आठवत."

"मलेबी नाही आठवत," मी म्हणालो.

त्या हसल्या. "तुमालेबी करंट लावला का त्या दिवशी?"

आतला माग थांबला. दादा धागा जोडत असावा, किंवा ऐकत असावा. माझ्या हातातली शेंग अर्धी सोललेली होती. मी सुपाकडे बघत सगळं पहिल्यापासून सांगितलं. डॉक्टर, माझा तळवा, बसमधून परत येणं, मायने घातलेली वेणी, ती म्हणाली ते वाक्य, भिंतीकडे लागलेले डोळे. वहिनींचे हात शेंगांत थांबले होते.

मग त्यांनी विचारलं, "म्हंजे मी जेवून जा नाही म्हनलं."

"नाही."

"मंग माय त्या दिवशी उपाशीच गेली का?"

"नाही वहिनी. जेवली. मी वाढलं होतं. भात आन वरण. दुसऱ्यांदा भात घेतला."

"हे तरी खरं हाय का?"

"हे खरं हाय."

त्यांनी पदराने डोळे पुसले, नाक पुसलं. सूप बाजूला सरकवलं आणि माझ्याकडे सरळ तोंड करून बसल्या.

"त्या बाकावर माफी मांगली होती का तुमी?"

"हो."

"ते गेलं," त्या म्हणाल्या. "माहा इलाज संपला आता. आज सांगसान ते राहीन. सांगा."

आणि मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत म्हणालो, "वहिनी, माह्यं चुकलं. मायसंग बोलायचा तुमचा वखत मी खाल्ला, आन मंग खोटं बोलून त्याचा दोष करंटवर टाकला. मले माफ करा."